समुद्रात मासे किती तेच माहीत नाही, मग किती पकडायचे हे ठरवता कसं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, चुकलं तर सांगा. मासे कमी होत चाललेत म्हणून पकडीवर टनांत मर्यादा घाला असं सगळीकडे सांगितलं जातं, पण समुद्रात मासे किती हे कुणी मोजलेलंच नाही, मग तो आकडा येतो कुठून? एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ दोन-तीन वर्षं मासेमारी बंद का नाही करत? आणि मर्यादा घातल्यावर मासे खरंच परत आलेत असं कुठे झालंय का?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. मी गेली बावीस वर्षं हेच काम करतोय, मत्स्यसाठ्याचा, म्हणजे एका भागातल्या एका जातीच्या सगळ्या माशांचा, अंदाज बांधायचा आणि पुढच्या वर्षी किती पकड चालेल ते सुचवायचं, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

पहिली गोष्ट, तुम्ही हा प्रश्न मोजणीचा समजताय आणि बहुतेक लोक तसंच समजतात. माझ्या मते मोजणी ही यातली अवघड गोष्ट नाहीच. माझ्या हातून गेलेला एकही अंदाज असा नव्हता की ज्याच्या खाली-वर २०-३० टक्क्यांची जागा सोडावी लागली नाही, काही वेळा त्याहून कितीतरी जास्त, आणि तरी त्या अंदाजांवर साठे सावरलेत. अवघड गोष्ट ही की अंदाज खाली आला तर आपण काय करणार हे आधी, म्हणजे मासे बऱ्यापैकी असताना, लिहून ठरवलंय का. ते ठरलेलं असेल तर थोडा चुकीचा आकडासुद्धा चालून जातो कारण पुढच्या वर्षी तो सुधारतो. ठरलेलं नसेल तर कितीही अचूक आकडा आणा, वाईट वर्षी सगळे टेबलाभोवती बसून घासाघीस करतात आणि प्रत्येक जण म्हणतो की या वर्षी नको, पुढच्या वर्षी कमी करू.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सुरुवातीलाच सांगून टाकतो म्हणजे नंतर गैरसमज नको. मासा किती वर्षं जगतो, कितव्या वर्षी गाभोळी (अंडी) धरतो, एका जाळ्यात एकच जात येते की चाळीस जाती, बोटी पन्नास आहेत की पाच हजार, आणि मासळी मोजक्या बंदरांत उतरते की शंभर ठिकाणी. ही उत्तरं बदलली की उपायही बदलतो. टनांतली मर्यादा हे सगळीकडे चालणारं औषध नाहीये, त्यावर खाली येतो.

एक फरक मात्र कुठेही लागू आहे आणि तो कळला नाही तर पुढचं काहीच कळत नाही. अतिमासेमारी चालू असणं वेगळं आणि साठा खालावलेला असणं वेगळं. पहिलं म्हणजे वेग, आत्ता आपण ज्या दराने काढतोय तो दर जास्त आहे. दुसरं म्हणजे स्थिती, समुद्रात शिल्लक किती राहिलंय. ताप उतरला म्हणजे लगेच अंगात ताकद आली असं होत नाही ना, तसंच आहे हे. आज पकड योग्य पातळीवर आणली तर अतिमासेमारी आजच थांबते, पण साठा भरायला वर्षं लागतात. लोक दोन वर्षांनी विचारतात की मर्यादा घातली तरी मासे का नाहीत, तेव्हा बहुतेक वेळा ताप उतरलेला असतो आणि अशक्तपणा बाकी असतो.

आकड्यांनी दाखवतो, कारण हे बोलून पटत नाही. एक काल्पनिक साठा घ्या. कुणीच मासेमारी केली नाही तर समुद्रात या जातीचे ४०,००० टन मावतात, त्यापुढे खाणं आणि जागा पुरत नाही म्हणून जेवढे नवीन येतात तेवढेच मरतात, वाढ शून्य. थोडे काढले की उरलेल्यांना खाणं जास्त मिळतं, पिल्लं जास्त जगतात आणि साठा दरवर्षी काही टन वाढायला बघतो. आमच्याकडचं सगळ्यात साधं गणित असं सांगतं की ही वाढ साठा साधारण निम्मा असताना सगळ्यात जास्त असते. या साठ्यासाठी धरू की २०,००० टन असताना वर्षाला ४,००० टन वाढ होते, आणि १०,००० टनांवर घसरला की ३,००० टन.

समजा आज साठा १०,००० वर आलाय. पकड ३,००० ठेवली तर वाढ ३,००० आणि पकड ३,०००, साठा आहे तिथेच राहणार, वीस वर्षं राहणार, आणि सगळे म्हणणार की मर्यादा घालून काही उपयोग झाला नाही. पकड २,५०० ठेवली तर २०,००० वर पोचायला १० वर्षं लागतात. १,५०० ठेवली तर ५ वर्षं. पूर्ण बंद केली तर ३ वर्षं. आणि पकड ३,५०० ठेवली, म्हणजे वाढीपेक्षा फक्त ५०० टन जास्त, तर आठव्या वर्षी साठा ५०० टनांच्याही खाली गेलेला असतो. यातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट म्हणजे पहिल्या दोन वर्षांत साठा दरवर्षी फक्त पाच-सहा टक्क्यांनी घटतो, बोटीवरच्या माणसाला ते जाणवणारच नाही, आणि शेवटच्या दोन-तीन वर्षांत एकदम तळ दिसतो. खरा समुद्र एवढा सरळ वागत नाही, एखाद्या वर्षी अंडी जगतात, एखाद्या वर्षी जवळजवळ सगळी जातात, पण आकार हाच असतो. आधी हळूहळू आणि मग धाडकन.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. बंदी ३ वर्षं आणि निम्मी पकड ५ वर्षं. फरक दोन वर्षांचा. त्या दोन वर्षांसाठी तीन वर्षं एकही बोट जाऊ द्यायची नाही, खलाशी दुसऱ्या धंद्याला जाणार, जाळी पडून राहणार, बर्फवाले, लिलाववाले, सुकवणाऱ्या बाया सगळ्यांचं उत्पन्न शून्य, आणि ज्यांच्याकडे भांडवल आहे ते तग धरणार, बाकीचे बोट विकणार. तीन वर्षांनी मासे परत येतील पण ते पकडायला वेगळेच लोक असतील. मला हे मान्य नाही, आणि हे मी शास्त्रज्ञ म्हणून नाही तर धक्क्यावर माणसं बघितलेला माणूस म्हणून सांगतोय. शिवाय बंदीत एक तांत्रिक तोटाही आहे, बोटी जायच्या थांबल्या की आमची माहितीही थांबते, लांबी, वय, कुठे सापडलं काहीच येत नाही, आणि उघडायची वेळ आली की आपण अंधारात असतो. ती जात दुसऱ्या मासळीच्या जाळ्यात येत असेल तर बंदी नावालाच राहते, मासा मरतो तो मरतोच, फक्त नोंद होत नाही.

पण साठा अगदीच तळाला गेला असेल तर बंदीला पर्याय उरत नाही, हेही खरंय. तिथपर्यंत जाऊ न देणं हेच तर मर्यादेचं काम आहे.

आता आकडा येतो कुठून. तीन-चार ठिकाणांहून थोडी थोडी माहिती घ्यायची आणि ती एकमेकांशी जुळते का बघायचं. एक म्हणजे सर्व्हे, दरवर्षी त्याच महिन्यात, तेच जाळं, तेवढाच वेळ, ठरवून दिलेल्या ठिकाणी ओढायचं, मासे मिळोत न मिळोत. दुसरं म्हणजे उतरलेली मासळी, किती टन, किती लांबीची, कुठल्या भागातून. तिसरं वय. माशाच्या कानात बारीक खडा असतो, त्याचा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात आणि वय कळतं. हे वय फार मोलाचं आहे. समजा या वर्षीच्या सर्व्हेत ४ वर्षांचे १,००० मासे मिळाले आणि पुढच्या वर्षी तशाच सर्व्हेत ५ वर्षांचे ४०० मिळाले, तर त्या पिढीतले साधारण ६०० कमी झाले. बऱ्याच जातींत मासेमारी नसतानाही त्यातले १८० च्या आसपास रोगाने, मोठ्या माशांनी खाऊन वगैरे गेलेच असते असं धरतात. उरलेलं बहुतेक आपण काढलंय. म्हणजे समुद्रात एकूण मासे किती हे नक्की माहीत नसतानाही आपण किती जोरात काढतोय हे कळतं, आणि मर्यादा ठरवायला हा वेग एकूण संख्येपेक्षा जास्त कामाला येतो.

ज्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही तीही सांगतो, कारण मी स्वतः तिथे चुकलोय. सुरुवातीच्या वर्षांत एका साठ्यासाठी माझ्याकडे सर्व्हे नव्हता, फक्त बोटींची लॉगबुकं होती, एका फेरीला किती मासळी मिळाली एवढंच. पाच वर्षं तो आकडा स्थिर होता, मी साठा ठीक आहे असं लिहून दिलं. एका म्हाताऱ्या तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, मला तेव्हाच सांगितलं होतं की साहेब, पूर्वी आम्ही चार तासांवर जाऊन टाकायचो, आता अकरा तास जातो. मी ते वहीत लिहून घेतलं पण गणितात घेतलं नाही. दोन वर्षांनी पकड निम्म्यावर आली. फेरीमागची पकड स्थिर होती कारण बोटी लांब जात होत्या, इंजिनं मोठी झाली होती, मासे शोधणारी यंत्रं (फिश फाइंडर) आली होती, आणि थव्याने राहणारा मासा संख्येने कमी झाला तरी थवा करूनच राहतो, त्यामुळे थवा सापडला की जाळं भरतंच. तेव्हापासून कुठल्याही नवीन कामात मी आधी जुन्या तांडेलांशी बोलतो, किती लांब जाता, किती तास ओढता, पूर्वी केवढा मासा यायचा, आणि मगच कॉम्प्युटर उघडतो.

माझ्या चुकीची फार मोठी आवृत्ती कॅनडात न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाची झाली. १९६८ मध्ये तिथून वर्षाला ८ लाख टनांच्या आसपास कॉड निघाला, बहुतेक परदेशी मोठ्या ट्रॉलरनी काढला. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांपर्यंतचा समुद्र आपल्या ताब्यात घेतला, परदेशी बोटी बाहेर गेल्या, मर्यादा कॅनडाच ठरवायला लागला, शास्त्रज्ञ होते, सगळं होतं. पण अंदाज बऱ्याच अंशी मोठ्या ट्रॉलरच्या पकडीवर टेकलेले होते आणि ते ट्रॉलर उरलेल्या थव्यांवर बरोबर जाऊन पोचत होते. किनाऱ्यालगतचे छोटे मच्छीमार १९८० च्या दशकात सांगत होते की मासा कमी झालाय, बारीक झालाय. त्यांचं ऐकलं गेलं नाही. दशकाच्या शेवटी शास्त्रज्ञांचेच अंदाज खाली आले, तेव्हा मर्यादा त्यांनी सुचवलेल्या आकड्यापेक्षा बरीच वर ठेवली गेली कारण कारखाने बंद पडतील, लोक बेकार होतील. २ जुलै १९९२ ला बंदी घालावी लागली आणि साधारण ३०,००० लोकांचं काम एका दिवसात गेलं. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली ती बंदी २०२४ मध्ये उठली, ३२ वर्षांनी, आणि उठल्यावर मर्यादा दिली ती १८,००० टन. ८ लाखांच्या जागी १८ हजार. नोकऱ्या वाचवायच्या म्हणून जी कपात टाळली त्यानेच त्या सगळ्या नोकऱ्या गेल्या, हे आठवलं की मला अजूनही वाईट वाटतं.

म्हणून मी नियमाबद्दल एवढा आग्रही आहे. नियम म्हणजे नेमकं काय ते सांगतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तळाच्या मासळीसाठी एक नियम वापरतात, त्याला चाळीस-दहा म्हणतात. मासेमारी नसती तर जेवढा साठा असता त्याच्या ४० टक्क्यांवर साठा असेल तर ठरलेल्या दराने पूर्ण मर्यादा, त्याखाली गेला की मर्यादा साठ्यापेक्षा जास्त वेगाने कमी होत जाते आणि साठा १० टक्क्यांवर पोचला की शून्य. बस. यात कुणाला बैठक घेऊन या वर्षी दया करा म्हणायची जागा नाही, कारण सगळं आधीच लिहिलंय. आणि उलटही आहे, साठा वाढला की मर्यादा आपोआप वाढते, मच्छीमाराला त्यासाठी मोर्चा काढावा लागत नाही. लोक ही दुसरी बाजू विसरतात, मी प्रत्येक बैठकीत आधी तीच सांगतो.

त्यात अनिश्चिततेसाठी जागा कशी ठेवतात तेही महत्त्वाचं आहे. आधी शास्त्रज्ञ सांगतात की यापुढे गेलात तर ती अतिमासेमारी, तो कडेलोटाचा आकडा. मग अंदाज किती कच्चा आहे त्याप्रमाणे त्यातून कापतात, माहिती जितकी कमी तितकी कपात जास्त. मग अंमलबजावणीत थोडं इकडेतिकडे होणार म्हणून आणखी थोडं. जो उरतो तो मच्छीमारांना सांगायचा आकडा. अमेरिकेत १९७६ पासून मासेमारीचा कायदा आहे, १९९६ च्या दुरुस्तीत खालावलेले साठे शक्य तिथे १० वर्षांच्या आत भरून काढा असं आलं, पण खरा बदल २००६ च्या दुरुस्तीने केला. व्यवस्थापनाखालच्या जवळपास प्रत्येक साठ्याला वार्षिक मर्यादा सक्तीची झाली आणि ती मर्यादा वैज्ञानिक समितीने दिलेल्या आकड्याच्या वर ठेवता येणार नाही असं कायद्यातच लिहिलं. ज्यांना जास्त हवंय त्यांनी समितीला पुरावा दाखवायचा, मंत्र्याला फोन करून उपयोग नाही. २००० पासून तिथे ५० च्या आसपास साठे भरून आल्याचं जाहीर झालंय, आणि माझं मत विचाराल तर त्यात गणितापेक्षा या एका कलमाचा वाटा मोठा आहे.

आकडा ठरला म्हणजे काम झालं असं मात्र अजिबात नाही, आणि बऱ्याच योजना इथेच फसतात. एकच एकूण मर्यादा घातली आणि ती संपेपर्यंत कुणीही पकडा म्हटलं की काय होतं? शर्यत. अलास्कात हॅलिबट या चपट्या माशाचं हेच झालं, १९९० च्या सुरुवातीला अख्ख्या वर्षाचा हंगाम दोन-तीन दिवसांवर आला होता, वादळ असलं तरी बोटी जायच्या कारण आज नाही गेलो तर वर्ष गेलं, माणसं मरायची, गळांचे दोर समुद्रात सोडून यायचे, आणि सगळी मासळी एकदम बाजारात आल्यावर भाव पडणारच. मर्यादा पाळली जात होती, साठ्याचं तसं बरं चाललं होतं, पण माणसांचे हाल. १९९५ मध्ये प्रत्येकाला मर्यादेतला ठरावीक वाटा दिला, आणि हंगाम आठेक महिन्यांचा झाला. आपला वाटा आपलाच आहे म्हटल्यावर माणूस चांगलं हवामान आणि चांगला भाव बघून जातो.

वाटा देतानाही तो टनांत द्यायचा नाही, टक्क्यांत द्यायचा, हा धडा न्यूझीलंडने पैसे मोजून शिकलाय. त्यांनी १९८६ मध्ये वाटे टनांत दिले, मग मर्यादा कमी करायची वेळ आली की सरकारला ते टन मच्छीमारांकडून विकत घ्यावे लागणार असं झालं, शेवटी १९९० मध्ये टक्केवारीवर आले. टक्केवारी असली की साठा वाढल्यावर सगळ्यांचे टन वाढतात, घटल्यावर सगळ्यांचे घटतात, आणि मच्छीमार स्वतःच जास्त पकडणाऱ्यावर नजर ठेवतो. वाट्यांचा एक मोठा धोका मला प्रामाणिकपणे सांगायलाच हवा. वाटे विकता येत असतील तर काही वर्षांत ते मोजक्या कंपन्यांकडे जातात, आइसलंडमध्ये यावरून किती वर्षं वाद चाललाय. त्यामुळे एकाकडे जास्तीत जास्त किती वाटा, छोट्या बोटींसाठी राखीव किती, आणि वाटा गावाबाहेर जाऊ शकतो का, हे पहिल्याच दिवशी लिहा. नंतर हे बदलणं फार कठीण जातं.

दुसरी गळती फेकून दिलेल्या मासळीची. मर्यादा उतरवलेल्या टनांवर असली की माणूस बारीक मासळी समुद्रात फेकतो आणि मोठी तेवढी आणतो, कागदावर मर्यादा पाळलेली, समुद्रात दुप्पट मेलेली. नॉर्वेने १९८७ पासून कॉड-हॅडॉक फेकायला बंदी घातली, जे पकडलं ते आणा आणि वाट्यातून मोजा. मोजायचं ते मेलेलं सगळं, फक्त विकलेलं नाही. हौसेने गळ टाकणाऱ्यांचीही पकड धरायची, काही जातींत ती धंदेवाईक पकडीएवढी असते आणि कुणी मोजतच नाही.

आता जिथे टनांची मर्यादा चालत नाही तिथलं. उष्ण समुद्रात एका ओढीत चाळीस जाती येतात, शंभर ठिकाणी उतरतात, तिथे प्रत्येक जातीचे टन मोजत बसणं कागदावरच राहतं. तिथे मी सुरुवातीला टन सुचवतच नाही. आधी जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचा आकार, मोठा करा, अंडी घालायच्या दिवसांत बंद ठेवा, पिल्लांच्या जागा कायमच्या सोडा, आणि एकूण किती बोटी किती दिवस जाणार यावर मर्यादा घाला. हे दुय्यम उपाय आहेत असं समजू नका. पश्चिम आणि मध्य पॅसिफिकमधले काही छोटे बेटदेश एकत्र येऊन २००७ पासून ट्यूना पकडणाऱ्या मोठ्या जहाजांना टन नाही तर दिवस विकतात, वर्षाचे एकूण दिवस ठरलेले, आणि त्यातून त्यांचं उत्पन्नही कितीतरी पटीने वाढलं. त्याचा कच्चा दुवा असा की बोटी सुधारतात, आजचा एक दिवस दहा वर्षांपूर्वीच्या दोन दिवसांएवढा होऊ शकतो, त्यामुळे दिवसांचा आकडा मधूनमधून खाली आणावाच लागतो.

अल्पायुषी माशांचं तंत्र आणखी वेगळं. पेरूचा अँकोव्हेटा तीनेक वर्षं जगतो, १९७० मध्ये त्याची पकड १ कोटी २० लाख टनांच्या वर गेली होती, मग १९७२ चा एल निनो आला, पाणी तापलं, आणि अतिमासेमारी व गरम पाणी दोन्ही मिळून साठा कोसळला. अशा माशाला गेल्या वर्षीच्या अंदाजावर या वर्षीची मर्यादा ठरवून चालत नाही. आता तिथे प्रत्येक हंगामाआधी सर्व्हे करतात, आणि २०२३ चा पहिला हंगाम तर पिल्लं फार आहेत म्हणून चक्क रद्द केला. तो निर्णय सोपा नव्हता, पैसा प्रचंड अडकलेला असतो, पण नियम पाळला. याच्या दुसऱ्या टोकाला खडकाळ तळाचे काही मासे शंभर वर्षांहून जास्त जगतात, तिथे भरपाईला दशकं लागतात आणि ते आधीच लोकांना सांगून ठेवायला हवं.

तुमचा तिसरा प्रश्न, परत येतात का. येतात. मला सगळ्यात जास्त उभारी देणारं उदाहरण पूर्व अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातल्या निळ्या पराच्या ट्यूनाचं आहे, म्हणजे ब्लूफिनचं. २००७ च्या सुमारास मर्यादा ३०,००० टनांच्या जवळ होती, शास्त्रज्ञ म्हणत होते १५,००० किंवा त्याखाली या, आणि प्रत्यक्षात ५०,००० टनांच्या वर निघत असावेत असा त्यांचाच अंदाज होता. मर्यादा होती पण ती कुणालाच बांधत नव्हती. मग प्रत्येक माशाचा कागद, जहाजांवर निरीक्षक, बोटी कमी, आणि २०११ साठी मर्यादा १२,९०० टन. लोकांना वाटलं धंदा बुडाला. २०२० ची मर्यादा ३६,००० टन होती, आणि या वेळी ती शास्त्रज्ञांच्या सल्ल्यातच बसत होती. उत्तर अटलांटिकचा स्वोर्डफिश १९९९ मध्ये दहा वर्षांच्या योजनेवर घेतला आणि २००९ मध्ये साठा भरल्याचं जाहीर झालं. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यासमोर जॉर्जेस बँक नावाच्या उथळ समुद्रात १९९४ मध्ये तळाच्या मासळीसाठी मोठे पट्टे बंद केले, त्यातला कॉड म्हणावा तसा आला नाही पण त्याच पट्ट्यांत स्कॅलॉप शिंपले एवढे वाढले की पुढे शिंपल्यांसाठी पट्टे आळीपाळीने बंद-उघडे ठेवायची पद्धतच पडली.

आणि कधी कधी येत नाहीत, किंवा निसर्गाची वाट बघावी लागते. नॉर्वेचा हेरिंग १९६० च्या दशकाच्या शेवटी कोसळला, मासेमारी जवळजवळ थांबवली, तरी खरी भर पडली ती १९८३ च्या एका जोरदार पिढीने. तेव्हा अंडी घालायला मासे शिल्लक ठेवले होते म्हणून ती पिढी जन्माला आली, मर्यादेने नशीब आणलं नाही पण नशिबासाठी जागा ठेवली. उलट अमेरिकेच्या ईशान्येकडच्या मेनच्या आखातातला कॉड, मर्यादा घालूनही नीट सावरलेला नाही, तिथलं पाणी झपाट्याने तापतंय आणि जुन्या आकड्यांवरचं गणित नवीन पाण्यात बसत नाही. अशा ठिकाणी मर्यादा आणखी खाली घ्यावी लागते, हे सांगताना मच्छीमाराच्या तोंडाकडे बघवत नाही पण सांगावं लागतं.

जगाचं चित्र बघितलं तर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या हिशोबाने १९७४ मध्ये ९० टक्के साठे टिकाऊ पातळीत होते, २०२१ मध्ये ६२.३ टक्के. म्हणजे एकूण घसरण चालूच आहे. पण त्यातच ज्या साठ्यांचं नियमित मूल्यमापन होतं आणि मर्यादा पाळली जाते ते सरासरीने वर येतायत. घसरण मुख्यतः जिथे कुणी मोजत नाही तिथली आहे.

थोडक्यात सांगायचं तर तुमच्या तिन्ही प्रश्नांना माझी उत्तरं अशी: आकडा वेगावरून येतो, एकूण संख्येवरून नाही, आणि कच्चा असेल तेवढा खाली ठेवायचा. बंदी शेवटचा उपाय, कारण लवकर केलेली निम्मी कपात जवळपास तेच काम करते आणि माणसं टिकतात. आणि मासे परत येतात, जर मेलेली प्रत्येक मासळी मोजली आणि कपातीचा नियम आधीच लिहिला असेल तर.

तुमच्या भागात अशी योजना येणार असेल तर पहिली दोन वर्षं टनांकडे बघू नका, टन कमीच दिसणार, मर्यादा आहे म्हणून. लांबी मोजा. दर महिन्याला त्याच बोटींच्या मासळीतले दोनशे मासे न निवडता घ्यायचे, लांबी लिहायची आणि त्यातले गाभोळी धरायच्या लांबीपर्यंत पोचलेले किती ते बघायचं. सुरुवातीला शंभरात वीस-पंचवीस असतील आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ते चाळीस-पन्नासकडे सरकायला लागले तर साठा वर यायला लागलाय असं समजायला हरकत नाही. फक्त मध्येच खूप बारीक मासळी आली आणि टक्का पडला तर घाबरू नका, कधी कधी ती चांगली नवीन पिढी असते, तिला दोन वर्षं द्या. हे करायला शास्त्रज्ञ लागत नाही, एक मोजपट्टी, एक वही आणि दर महिन्याला न चुकता येणारा एक माणूस लागतो. ती वही दोन वर्षं नीट ठेवलीत तर पुढचा आकडा ठरवायला आमच्यासारख्यांना खूप काही मिळतं.